खुलासा : सांबऱ्याच्या (बेळगाव विमानतळाजवळच्या) शेतात विमानातून इंधन पडत नाही ओ

मंडळी, परवा मीच एक मेसेज पुढं ढकलला होता, विमानात धूर झाला तर आधी सगळं इंधन हवेत सोडावंच लागतं, तोवर उतरू देत नाहीत, म्हणून सांबऱ्यावर विमान घिरट्या घालत असलं तर शेतात थांबू नका म्हणून. चुकलं माझं. एटीआर, एअरबस ए३२०, बोइंग ७३७ या विमानांत हवेत इंधन सोडायची सोयच नसते. घिरट्या बहुतेकदा पाऊस, धुकं नाहीतर नंबर लागायचा म्हणून.

धुराचं तर उलटंय. पायलट रेडिओवर तीनदा ‘मेडे’ म्हणतो, म्हणजे जीव धोक्यात हाय, मदत करा, मग टॉवर बाकीच्यांना लांब थांबवतो, अगदी टेकायला आलेल्यालाही परत वर पाठवतो, अन् फायरच्या गाड्या धावपट्टीशेजारी उभ्या. वजन जास्त असलं तरी उतरता येतं, नंतर विमान तपासायचं एवढंच.

१९९८ च्या स्विसएअर १११ या विमानाच्या अपघाताचं वाचलं तेव्हा माझं डोकं ताळ्यावर आलं. इंधन कमी करायला विमान वळवलं, अन् धुराचा वास आल्यापासून साधारण २० मिनिटांत कॅनडाजवळ समुद्रात, २२९ जण गेले. थेट गेले असते तरी पोचले नसते असं चौकशीत निघालं, पण तेव्हापासून धूर म्हटलं की आधी उतरा, यावरच भर.

खानापूर, निपाणीच्या ग्रुपांत तो मेसेज गेलाय, तिथून काढा अन् पुढं पाठवू नका.