बुडापेस्टला जाणार असाल तर त्या भिंतीसाठी वेळ काढा

बुडापेस्टचं हे गुहेतलं चर्च युरोप टूरच्या प्रोग्रॅममध्ये असलंच तर फोटोपुरतं असतं आणि मला याचा मनापासून राग येतो. गेलेर्ट टेकडीच्या पोटात गुहेचं तोंड, बाहेर घोड्याशेजारी उभा हंगेरीचा पहिला राजा इश्तवान याचा पुतळा, खाली डॅन्यूब नदी. फोटो मस्त येतो, लोक क्लिक करतात आणि बसकडे पळतात.

गुहा नैसर्गिक आहे, पूर्वी इथे इव्हान नावाचा साधू राहायचा आणि टेकडीतल्या गरम पाण्याने लोकांना बरं करायचा असं सांगतात. मग काही हंगेरियन मंडळी फ्रान्सला लूर्दच्या, म्हणजे तिथल्या गुहेतल्या मेरीमातेच्या तीर्थाच्या, यात्रेला जाऊन आली, आपल्याकडेही असं स्थान हवं हे त्यांनी मनावर घेतलं आणि 1926 मध्ये इथे हे चॅपल, म्हणजे छोटं चर्च, उभं राहिलं. 1934 ला पोलंडहून पॉलाइन या कॅथलिक पंथाचे संन्यासी आले. हा पंथ मूळचा हंगेरीचाच बरं का, तेराव्या शतकातला, पण तेव्हा हंगेरीवर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग सम्राट दुसऱ्या जोसेफने 1786 मध्ये तो इथे बंद करून टाकलेला, म्हणजे जवळपास दीडशे वर्षांनी तो आपल्या मातीत परत आला होता.

आणि सतरा वर्षांत पुन्हा सगळं उद्ध्वस्त. 1951 चा ईस्टर, सोमवारी कम्युनिस्ट राजवटीचे सिक्रेट पोलीस आले, संन्याशांना उचललं, त्यांचे प्रमुख फेरेन्त्स वेझेर यांना मृत्युदंड दिला, बाकीच्यांना तुरुंगात टाकलं, आणि चॅपलच्या तोंडावर भिंत घातली. काँक्रीटची, सव्वादोन मीटर जाडीची! सहा फुटी माणूस त्या जाडीत आडवा झोपला तरी जागा उरेल. अहो, नुसतं चॅपल बंदच करायचं होतं तर एक दणकट कुलूप पुरलं असतं. एवढं काँक्रीट ओतलं, म्हणजे त्या प्रार्थनेची किती धास्ती घेतली होती बघा.

ऑगस्ट 1989 मध्ये, राजवट ढासळत असताना, चॅपल परत उघडलं. भिंत फोडली, पण तिचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवलाय आणि मला हे फार म्हणजे फार पटतं. सगळं घासूनपुसून चकाचक केलं असतं तर आज तिथे येणाऱ्या पोरांना कोण सांगणार होतं की इथे अडतीस वर्षं आवाज बंद होता? वेदीपेक्षा मी तर म्हणेन आधी तो तुकडा बघा.

आणि हो, तिथे आजही मास, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना, होते, त्या वेळेत पर्यटकांना आत सोडत नाहीत, तेव्हा वेळ बघूनच जा आणि टूरवाल्याला आधीच ठणकावून सांगा की आम्हाला तिथे निदान तासभर हवाय.