कडुनिंब चांगलाच, पण मात्रा मोजून द्या

खरजेवर कडुनिंब, हळद, करंज यांतले घटक तपासण्याबद्दलचा लेख आवडला. सोलापुरात आमच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विड्यांवर चालणारी घरं, एका खोलीत सहा-सात माणसं, एकाच चादरीत दोघं-तिघं. एकाला खरूज झाली की घरभर होते.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या पुतण्याला झाली. दिवसा ठीक, रात्री अंथरुणात शिरला की खाजवून हैराण. बोटांच्या बेचक्यांत पुळ्या, मनगटावर केसाएवढी वाकडी रेघ, खरजेच्या बारीक किड्यानं कातडीत पोखरलेली वाट. आईनं करंजाच्या तेलात कडुनिंबाचा पाला कढवून चोळला. दोन दिवस आराम, मग कातडी लालबुंद होऊन सोलली. तेल किती, पाला किती, कुणी मोजलं होतं?

म्हणून चाचण्या हव्यातच. १९९२ साली आपल्याच देशातल्या एका प्राथमिक अभ्यासात कडुनिंब-हळदीच्या लेपानं ८१४ पैकी ९७ टक्के रुग्ण बरे झाल्याची नोंद आहे. आता त्या लेपाची पर्मेथ्रिनशी, म्हणजे खरजेवर डॉक्टर देतात त्या मलमातल्या औषधाशी, समोरासमोर तुलना व्हावी. पर्मेथ्रिनही शेवंतीच्या कुळातल्या फुलांमधल्या पायरेथ्रिन या किडे मारणाऱ्या घटकावरूनच घडवलेलं आहे की!

आणखी एक, किड्याच्या अंड्यांवर काय परिणाम होतो तेही तपासा. ती तीन-चार दिवसांत फुटतात. नुसता किडा मेला तर आठवड्यात खाज परत. पुतण्याचं तसंच झालं. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री मलम लावायला लावलं, चादरी गरम पाण्यात धुतल्या, तेव्हा कुठे सुटका झाली.