रात्री दहाला मैफल संपते, आमची गाडी पहाटे

यूट्यूबवर सगळं मिळत असताना सवाईसाठी, म्हणजे सवाई गंधर्व या शास्त्रीय संगीत महोत्सवासाठी, पुण्याला जाणं म्हणजे नुसती हौस, असा नुकत्याच वाचलेल्या एका लेखाचा सूर आहे. हौस तर आहेच हो! पण परभणीकडून येणाऱ्याचा हिशेब वेगळा. महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा लॉज बघायची गरजच नव्हती. भाकरी-चटणी बांधून न्यायची, शाल पांघरून मांडवात बसायचं आणि सकाळी भीमसेनजींचं गाणं कानात घेऊन थेट स्टँड गाठायचं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर दहाला माइक बंद. एखाद्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते तेवढीच. मध्यरात्रीनंतरचा मालकंस राग त्याच्या वेळेला ऐकायचा तर आता कुठं जायचं?

मी जायचो ते मुख्यतः गायक राशिद खानांसाठी. रामपूर-सहसवान घराण्याचा तो धीमा विलंबित मोबाइलवर नाही कळत. आधी तानपुरे जुळायचे, मग डोळे मिटून मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, एक सूर लागायचा आणि खुर्च्यांची कुरकुर थांबायची. हे कोणत्या रेकॉर्डिंगात येतं? 9 जानेवारी 2024 ला ते गेले. वय फक्त 55.

आणि एक राहिलंच. आम्ही नेहमी बाहेरच धावतो असं नाही. आमच्याकडे जालना जिल्ह्यातल्या अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव कित्येक वर्षं भरतो, मोठमोठे गवई तिथं गाऊन गेलेत. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. सवाईही त्याच सुमारास, डिसेंबरात. तारखा एकमेकींवर आल्या की आमची पंचाईत!