दहावी गाडी कुणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या मारुती एस्टीमचा स्लो (रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो) वरखाली का होतो, यावर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते ठेवून दिलं आणि आज सकाळी पुन्हा बसलो. ज्यांनी प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा इथे देतो. आपण लिहिता, ‘थ्रॉटल बॉडी साफ केली की दहातल्या नऊ गाड्यांचा स्लो जागेवर येतो, हे नाना पेठेतल्या कुठल्याही पोराला माहीत आहे. हौशी मंडळींना साध्या कामाचं शास्त्र करून सांगायची खोड असते.’ (थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारं झाकण जिथे असतं तो भाग.) त्याशिवाय स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र, न लावता केलेलं निदान म्हणजे अंदाजपंचे, पीयूसीचे, म्हणजे धुराच्या तपासणीचे, आकडे अर्धवट आहेत आणि लेख फार लांबला आहे, असंही आपलं म्हणणं आहे.

पीयूसीचं आधी मिटवतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. ०.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ७५० पीपीएम हायड्रोकार्बन ही मर्यादा बीएस-२ आणि बीएस-३ (प्रदूषण नियमांचे टप्पे) पेट्रोल गाड्यांची. त्याआधीच्या चारचाकींना ३ टक्के आणि १५०० पीपीएम चालतं. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २००. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. आभार.

आता त्या वाक्याकडे येतो. नाना पेठेतल्या, म्हणजे पुण्याच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारातल्या, पोरांचं नाव घेऊन आपण मला कमी लेखू पाहिलंत, पण त्यात कमीपणा त्या पोरांना आला. मी तिथे वडिलांचं बोट धरून जायचो तेव्हापासून ते दुकानदार आणि मेकॅनिक पाहतो आहे. वडिलांकडे फियाट होती, सोलेक्स कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग). तिचा स्लो सेट करणारे काका बॉनेट उघडून आधी नुसते उभे राहायचे. ऐकायचे. मग एक स्क्रू ड्रायव्हर, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी गाडी समोर आल्याबरोबर क्लीनरचा डबा उचललेला मी कधी पाहिला नाही. त्यांच्या नावावर हे शॉर्टकट खपवू नयेत, एवढं मला मनापासून वाटतं.

आणि ‘हौशी’. माझी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंग करण्यात गेली. डायनामोमीटरवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) इंजिन चढवायचं, तासन् तास चालवायचं, इंजिनची हवेची ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजची सुई बघायची, नोंदी करायच्या. निवृत्त झाल्यावरही घरच्या, शेजाऱ्यांच्या, मित्रांच्या गाड्यांत माझे हात काळे होतातच. हे सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याच्याबद्दल असं बेधडक विधान करण्याआधी, त्याने लिहिलेलं किमान पूर्ण वाचावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.

कारण तुम्ही लेख पूर्ण वाचलेला नाही. वाचला असता तर ‘थ्रॉटल बॉडी साफ करा’ हे मी त्यातच लिहिलंय, तेही तुमच्या लक्षात आलं असतं. कधी करा, हेही लिहिलंय. ते पुन्हा सांगतो.

स्लोवर थ्रॉटलचं झाकण जवळजवळ बंद असतं. इंजिनला लागणारी थोडीशी हवा झाकणाच्या कडेने आणि बगलेच्या मार्गातून जाते. त्या मार्गावर एक व्हॉल्व असतो, गॅरेजमध्ये ज्याला सरसकट स्टेपर मोटर म्हणतात, आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) तो उघड-बंद करून फेरे मिनिटाला ८५० ते ९०० च्या आसपास धरून ठेवतो. कडेला काजळी साठली की हवा कमी पडते. मग स्लो खाली बसतो, सिग्नलला गाडी थरथरते, एसी लावला की बंद पडते. अशा गाडीला सफाई हेच औषध आहे, त्याबद्दल आपला वाद नाही.

पण माझा लेख या गाडीबद्दल नव्हताच! तो स्लो वर चढणाऱ्या गाडीबद्दल होता. फेरे १५०० च्या पुढे जातात, धपकन खाली येतात, पुन्हा वर. दमा लागल्यासारखं इंजिन चालतं. इथे हवा कमी पडलेली नाही, जास्त शिरते आहे. कुठला तरी रबरी पाइप तडकलाय, इंजेक्टरखालची (पेट्रोल फवारणाऱ्या भागाखालची) रिंग कडक झालीय, थ्रॉटल बॉडीचं किंवा मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट दबून निकामी झालंय. एस्टीमसारख्या एमएपी सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत ही चोरटी हवा आत आली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयूला वाटतं लोड आलाय, आणि तो पेट्रोलही वाढवतो. फेरे चढतात. स्टेपर मोटर पूर्ण बंद करूनही ते उतरत नाहीत. एका मर्यादेपलीकडे फेरे गेले आणि रेसवर पाय नाही, तर ईसीयू समजतो गाडी उताराला लागली आहे, आणि इंजेक्टर बंद करतो. फेरे कोसळतात. पेट्रोल पुन्हा सुरू. पुन्हा चढण. लोक ज्याला ‘हंटिंग’ म्हणतात ते हे चक्र आहे.

या गाडीची काजळी काढली तर काय होईल, सांगा. हवेला आणखी वाट मिळेल. स्लो अजून वाढेल.

माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. गॅरेजचं नाव घेत नाही. आधी सफाई झाली. फरक नाही, म्हणून नवी स्टेपर मोटर. तरीही फरक नाही, म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवला. कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रूने स्लो लावणं हीच रीत होती. इंजेक्शनच्या गाडीत तो स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. तो हलला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं ‘बंद’ चुकतं, ईसीयूला झाकण मिटलंय की उघडंय हेच कळेनासं होतं आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढतो. शेवटी पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातले वायू परत मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या, पाइपला खालच्या बाजूने चीर निघाली, इंजिन तापलं की उघडणारी. नळस्टॉपच्या सिग्नलला गाडी ओरडायची आणि घरी थंड झाल्यावर शहाण्यासारखी वागायची, त्याचं कारण ते. पकडीला कापड गुंडाळून एकेक पाइप हलकेच दाबत गेलो. हा दाबला आणि फेरे जागेवर आले. सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त भाग म्हणजे तो पाइप.

आता तुमचे ‘दहातल्या नऊ’. हे नऊ कुणी मोजले ते तुम्ही सांगितलेलं नाही, पण क्षणभर धरून चालू. दहावी गाडी कुणाची? मला जे लोक विचारतात ते सगळे त्या दहाव्या गाडीचे मालक आहेत. त्यांची सफाई होऊन गेलेली असते, कुणाची दोनदा. त्यांना तुमचं वाक्य तिसऱ्यांदा ऐकवून मी काय साधणार? पाइप दाबून बघायला पैसे लागत नाहीत. म्हणून ते आधी करा म्हणतो, बाकी काही शास्त्र नाही.

व्हॅक्यूम गेजबद्दल मात्र थोडं शास्त्र आहेच आणि ते मी सोडणार नाही. पुस्तकात तब्येतीच्या इंजिनाला स्लोवर १७ ते २१ इंच पारा लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे जवळजवळ दोन इंच कमीच दिसणार. १६ इंचांवर सुई स्थिर असलेली चांगली गाडी इथे ‘लीक आहे’ म्हणून खोलली जाते, हे मी पाहिलंय. आकड्यापेक्षा सुई कशी वागते ते बघा. स्थिर पण बरीच खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग (ठिणगी उशिरा पडणं). ठरावीक ठेक्यात झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व नीट बसत नाही.

स्कॅनर: भारतात ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची यंत्रणा) बीएस-४ बरोबर एप्रिल २०१० पासून आलं, ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. माझी गाडी २००३ ची. बाजारातलं ब्लूटूथचं यंत्र तिच्याशी बोलत नाही. ज्यांच्याकडे कंपनीचं यंत्र आहे त्यांनी जरूर लावावं. यावर मला आणखी बोलायचं नाही. लेखाच्या लांबीवर तर नाहीच.

या सगळ्यात वारज्याच्या एका वाचकांचा प्रश्न मागे पडला, त्यांची क्षमा मागतो. त्यांची झेन २००१ ची, दोनदा सफाई झालेली, स्लो १५०० ला अडकतो आणि ब्रेक दाबला की बदलतो. साहेब, ब्रेक दाबल्यावर फरक पडतो ही खूण फार उपयोगी आहे. मॅनिफोल्डकडून ब्रेक बूस्टरला (ब्रेकला जोर देणाऱ्या भागाला) जाणारा जाड पाइप बघा, दोन्ही टोकांच्या क्लिपा बघा. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरूनच चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं, किंवा पाय दाबून धरल्यावर फुसफुस ऐकू आली, तर स्लोचं राहू द्या, आधी ब्रेकचं काम करून घ्या, आणि तोवर ती गाडी कात्रजच्या घाटात नेऊ नका.