एक स्टार मान्य आहे ताई, ‘एजंट’ मान्य नाही

नमस्कार ताई,

लाईट बिल भरून घ्यायचं आणि अर्ज लिहून द्यायचं हे दुकान माझं आहे, म्हणून उत्तरही मीच द्यायलोय. तुम्ही एक स्टार दिला आणि लिहिलं की बंद घराच्या लाईट बिलाच्या अर्जाला आम्ही शंभर रुपये घेतले, अर्ज करूनही आईंना चार हजारांवर बिल पूर्ण भरायला लावलं, पुढच्या महिन्याच्या बिलात युनिट तर आणखी जबर आले, आणि ‘हे कंपनीचेच एजंट आहेत’. यात एका ठिकाणी चूक माझी आहे. ती आधी सांगतो.

तुम्हीच लिहिलंय म्हणून इथं बोलतो, नाहीतर घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली नसती. आई-वडील दिवाळी करून ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याला गेले ते गुढीपाडव्याला परतले. मीटर पडवीत, पडवीला कुलूप. रीडिंगवाला आला तरी वाचणार काय? मग पाच महिने चालू रीडिंगच्या जागी ‘लॉक’ आणि दर महिन्याला आधीच्या वापराच्या सरासरीनं ९६ युनिट. पाच महिन्यांचे झाले ४८०. केज, धारूर, वडवणीकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची अशी बिलं एप्रिलमध्ये माझ्या काउंटरवर रोज येतात, तुमचं काही वेगळं नव्हतं.

अशा बिलाला ‘बिल जास्त आलंय, कमी करा’ हा अर्ज चालत नाही. चालतो तो मीटरवरचा आकडा. तुम्ही व्हॉट्सअपला फोटो पाठवला, मी प्रिंट काढून अर्जाला जोडला आणि पाठवून दिला. फोटोत आकडा होता २३१. मी तो नीट बघितलाच नाही. मीटरचा डिस्प्ले फिरता असतो: तारीख, वेळ, व्होल्ट, लोड, मधेच युनिट. ज्या आकड्याजवळ केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहून येतं तेवढाच आपल्या कामाचा. २३१ हे व्होल्ट होते. ऑफिसातल्या क्लार्कनं विचारलं, “मागचं रीडिंग ४८१२ आणि आता २३१? मीटर उलटं फिरायलंय का?” अर्ज परत. (आपल्या भागात २३१ व्होल्ट भरून मिळायलेत याचं नवल मला घरी आल्यावर वाटलं.)

वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसानं ही चूक करायला नको होती. दुसरा फोटो येईपर्यंत दिवस गेले आणि थकबाकीच्या नोटिशीची मुदत संपत आली. आईंना पूर्ण रक्कम भरावी लागली ती यामुळं. एक स्टार त्याच्यासाठी असेल तर मी तो निमूट घेतो.

पण ‘भरायला लावले’ यात पुढचं अर्धं राहून गेलंय. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणं लाईट तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाबद्दल वाद असेल आणि ग्राहकानं हरकत नोंदवून मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं दर महिन्याची रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. तुमच्या बिलात दोन्ही आकडे जवळपास सारखेच येत होते, म्हणून मी पूर्ण भरा म्हणलं. हरकतीचा अर्ज त्याच दिवशी दिला आणि त्यावर शिक्क्याची पोच घेतली. नुसतं भरून गप्प बसणं वेगळं, हरकत नोंदवून भरणं वेगळं. ती पोच आईंच्या पिशवीत आहे, बघा एकदा.

दुसऱ्या फोटोत ४८३० आलं. म्हणजे पाच महिन्यांत खरा वापर १८ युनिट. एवढे तरी कशाला, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. पडवीतला पाच वॅटचा बल्ब चालू राहिला होता. रात्रंदिवस पाच वॅट म्हणजे दीडशे दिवसांत १८ युनिट, हिशेब चोख जुळतो. उरलेल्या युनिटचे पैसे पुढच्या बिलात वजा होऊन आले, ‘समायोजन’ म्हणून लिहिलेलं आहे. स्थिर आकार मात्र परत येत नाही. घर बंद असलं तरी जोडणी चालू असते, तो लागतोच. ‘बिल शून्य व्हायला पाहिजे होतं’ असं तुम्ही म्हणता, तसं मी कधीही कबूल केलं नव्हतं.

आता मे महिन्याचं बिल, २१२ युनिट. हे सरासरीचं नाही, प्रत्यक्ष रीडिंगचं आहे. आईंनी माझ्यासमोर फोटो काढला, मी स्वतः ताडून बघितलं. घरात दोन कूलर, साधारण १९० वॅटचे, दिवसाला बारा तास. एका कूलरचे महिन्याला ६८ युनिट होतात, दोघांचे १३६. वर फ्रिज, पंखे. शिवाय शंभर युनिटच्या पुढं दर जवळजवळ दुप्पट लागतो, तो झटका बिलात दिसतो. मे महिन्यात केजमध्ये कूलर बंद ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही, पण त्या बिलाविरुद्ध अर्जही लिहिणार नाही. तुमचे आणखी शंभर रुपये वाया जातील.

एजंटचं म्हणाल तर मला पावतीमागं ठरलेले रुपये मिळतात. बिल चारशेचं असो की चार हजारांचं, माझ्या हातात तेवढेच. बिल वाढून माझा काय फायदा? अर्जाचे शंभर रुपये मी आईंना परत देत होतो. त्यांनी घेतले नाहीत, चहा घेऊन गेल्या. ते पैसे अजून वेगळे ठेवलेत.

ग्राहक तक्रार निवारण मंचात जायचं तुम्ही लिहिलंय. तो मंच वीज कंपनीविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, माझ्याविरुद्ध तिथं काही चालणार नाही. वजावटीत एक रुपयाही कमी वाटला तर जरूर जा. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अर्ज मी फुकट लिहून देतो, आणि या वेळी फोटो नीट बघून.

यंदा दिवाळीला टोळी निघायच्या आधी मीटर पडवीतून बाहेरच्या भिंतीवर घ्यायचा अर्ज देऊन टाका. ते जमत नसेल तर किल्ली शेजारी ठेवा आणि दर महिन्याला रीडिंगचा फोटो वीज कंपनीच्या मोबाईल ॲपवरून पाठवायला सांगा. मीटर नंबर आणि केडब्ल्यूएचचा आकडा एकाच फोटोत आला पाहिजे.

तुम्ही पुण्याहून येणार आहात असं आई म्हणल्या. येताना मे महिन्याचं बिल आणा, वजावट ओळीनं ओळ दाखवतो. रविवारी दुकान दुपारी दोनपर्यंतच असतं.