थिजलेला मध भेसळीचाच असतो, असे नाही

‘थंडीत थिजतो तो मध साखर मिसळलेला समजावा, घरगुती विक्रेत्याकडून तो घेऊ नये’ हे लेखातील विधान माझ्यासारख्या लहान मधपाळावर अन्याय करणारे आहे. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो आणि हिवाळ्यात मधमाश्यांच्या माझ्या मोजक्या पेट्या मुरैन्याकडील मोहरीच्या शेतांत नेऊन ठेवतो. मोहरीच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण जास्त असल्यामुळे तो काढणीनंतर थोड्याच दिवसांत पांढरट आणि रवाळ होतो, अगदी साजूक तुपासारखा. हा त्या फुलाचा गुण आहे, भेसळीचा पुरावा नव्हे. गेल्या माघात शेजारच्या काकूंनी अशीच बरणी परत आणली, तेव्हा ती त्यांच्यासमोरच कोमट पाण्यात ठेवली आणि मध पुन्हा पातळ झालेला दाखवला. (गॅसवर मात्र तो कधीही उकळू नये, वास आणि चव दोन्ही जातात.)

खरी काळजी घ्यायची ती कच्च्या मधाची. मधमाश्यांनी मेणाने बंद न केलेल्या पोळ्याच्या घरांतील मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. नियमाप्रमाणे ही आर्द्रता २० टक्क्यांहून अधिक चालत नाही. म्हणून पोळ्याची चौकट मेणाने बहुतेक बंद झाल्याशिवाय मी ती मध काढण्याच्या यंत्रात घालत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. बरणीवर फुलाचे नाव, काढणीची तारीख, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये ही सूचना मी आवर्जून छापतो. ग्राहकांनी विक्रेत्याकडे हे सारे अवश्य मागावे.