रस्ता झाडू नका, पाऊस येणारच आहे

नदी नासवायची म्हटलं की नवशिके लोक कारखान्याचा पाइप काढून देतात. मग कोणीतरी फोटो काढतं, बाटलीत नमुना भरतात, पंचनामा होतो, नोटीस येते. कशाला ही कटकट? तुमच्या दारापुढचा रस्ता आहे की! ओल्या रस्त्याचा पंचनामा झालेला अजून कोणी पाहिला नाही. सांडपाण्याला निदान शुद्धीकरण केंद्राचा पत्ता तरी असतो. रस्त्यावरचं पावसाचं पाणी मात्र चेंबरमधून नाल्यात आणि नाल्यातून सरळ आपल्या संभाजीनगरच्या खाम नाहीतर सुखना नदीत. वाटेत कोणी विचारत नाही, ‘कुठं निघालात?’

मराठवाड्यात तर या कामाला आभाळाची साथ आहे. दिवाळी सरली की मृगापर्यंत, एखादी अवकाळी सर सोडली तर, रस्ता धुतला जात नाही. साठा करायला केवढा अवधी! गाडीखाली ऑईलचे थेंब पडतायत, पडू द्या. सिग्नलपाशी करकचून ब्रेक दाबा, कारण पॅड झिजले की तांब्याची भुकटी उडते. टायर झिजले की रबराबरोबर जस्तही मिळतं. गॅरेजवाल्याला जळकं ऑईल कॅनमध्ये भरून ठेवायला सांगू नका, बिचाऱ्याला आधीच जागा कमी. तो स्वतःच तुमची समजूत घालेल, ‘टेन्शन नका घेऊ साहेब, येऊ द्या की पाऊस, सगळं जातंय वाहून.’ जलशास्त्राचं सार त्याने एका वाक्यात सांगितलं. हंगामाच्या पहिल्या सरी सगळ्यात जहाल पाणी घेऊन निघतात. पुढच्या सरींना तेवढा माल मिळत नाही. तेव्हा पावसाच्या तोंडावर चुकूनही रस्ता झाडू नका. झाडलाच, तर कचरा उचलू नका. ढीग चेंबरच्या तोंडाशी लावा आणि भजी तळायला घ्या.

आता रस्त्याच्या बांधणीकडे वळू. इथे आपली माणसं खरोखर तयार आहेत. डिव्हायडरमधला बगीचा नेहमी रस्त्यापेक्षा उंच ठेवतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. वरून टँकरने पाणी घालायचं, चिखल रस्त्यावर ओघळू द्यायचा. हाच बगीचा रस्त्याच्या खाली ठेवला, कठड्याला जागोजाग खाचा ठेवल्या, तर पावसाचं पाणी आत शिरेल, गाळ गवतात अडकेल, तेल मातीत धरलं जाईल, झाडांना फुकट पाणी मिळेल आणि नदीकडे जायचं ते जरा निवळून जाईल. टँकरवाल्याने मग करायचं काय? रस्त्याच्या कडेला वीतभर माती उघडी राहिली असेल तर पेव्हर ब्लॉक ठोकून घ्या. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणा. झाडाने श्वास कुठून घ्यायचा, ही चौकशी पुढच्या कंत्राटात होईल.

अमेरिकेतल्या सिएटलच्या बाजूला ओढ्यांमध्ये चढून येणारे कोहो सॅमन मासे पाऊस झाला की तडफडून मरत. कारण शोधता शोधता 2020 मध्ये शास्त्रज्ञ टायरपाशी पोहोचले. रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात, त्यापासूनच तयार होणारं 6पीपीडी-क्विनोन हे विष. आपल्याला काय त्याचं? खाममध्ये कोहो सॅमन नाहीत. टायर खुशाल झिजवा.

खाम जटवाड्याच्या डोंगरातून निघते, पाणचक्कीला वळसा घालून शहर ओलांडते आणि पुढे गोदावरीकडे जाते. डोंगरातलं निर्मळ पाणी जुन्या काळी खापराच्या नळांतून पाणचक्कीपर्यंत आणलं होतं. आपण त्याच काठावर चारचाकीचं ग्रीस आणून पोचवतो, वारसा पुढे नेतोच आहोत. आता खाम ज्या पाण्याला मिळते, ते पैठणला जायकवाडी धरणात, म्हणजे नाथसागरात अडलेलं आहे. आणि संभाजीनगरला प्यायचं पाणी कुठून येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे दारापुढं सांडलेलं काहीच वाया जात नाही. नळ किती दिवसांनी येतो एवढाच प्रश्न.

यात विघ्न आणणारी माणसंही असतात. खामच्या काठावरचा कचरा काढून झाडं लावणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. उद्या ते म्हणतील, नाल्याच्या तोंडाशी गाळ आणि तेल बसायला टाकी बांधा, दर पावसाळ्याआधी ती उपसा. टाकीला विरोध करू नका, उद्घाटनाला हजर राहा, नारळ फोडा. उपसायचं काम कोणाच्या खात्यात, एवढं तेवढं लिहून घेऊ नका म्हणजे झालं. पहिल्या पावसातच ती गाळाने भरते आणि नंतरचं पाणी पूर्वीसारखं वरून निघून जातं. कोणी चेंबरला जाळी बसवायचा हट्ट धरलाच, तर लोखंडीच हवी असा आग्रह धरा. बाकी भंगारवाला बघून घेईल.